मखाण्याचं पोतं घेताना नेमकं काय बघायचं? (५ सूत, ६ सूत आणि माझं डोकं)

मानेवाडावाली

मंडळी, मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून घरून फराळाचं करून देतो. चिवडा, शेव, चकल्या, ऑर्डर येईल तसं. यंदा श्रावणासाठी भाजके मखाणे करायचं ठरवलं. मीठ-मिरं, पुदिना आणि एक आपलं नागपुरी तिखट. पाकिटं छापून आली, लेबलं आली आणि एका ओळखीच्या मध्यस्थामार्फत पाच पोती मखाणेही आले. प्रत्येकी ९ किलो, बिलावर लिहिलंय "५ सूत".

नमुना दाखवला होता तो मस्त टपोरा होता. पोतं उघडलं तर वरचा थर तसाच, पण हात कोपरापर्यंत घातल्यावर खाली बोराएवढे, काही तर चण्याएवढे, आणि बुडाशी चुरा. जाऊबाई म्हणाल्या, "वर नवरदेव, खाली वऱ्हाड."

पैसे निम्मे दिलेत, निम्मे द्यायचेत. त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, पाच सूतच आहे, पाहिजे तर मोजून घ्या." आता मोजू कशानं? सूत म्हणजे नेमकं किती? आणि आकार सोडून अजून काय बघायचं असतं? व्यापाऱ्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. पुढच्या खेपेला शहाणी व्हायचंय एवढंच.

तर्रीबाज

बसलो बाप्पा मखाणे घेऊन. होऊन जाऊ द्या.

सुतारपक्षी

सूत म्हणजे आपलंच सूत, ताई. एका इंचात आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, पाच सूत म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९ मिलिमीटर. तुमच्या घराचं स्लॅबचं काम निघालं असेल तर गवंड्याच्या तोंडी ऐकलं असेल, १६ च्या सळईला तो पाच सूतच म्हणतो. मखाण्यालाही तेच माप लावतात हे मला आज कळलं. मजा वाटली.

घरच्या घरी गेज करायचं तर प्लायचा एक तुकडा घ्या आणि त्याला ५/८ चा बिट मारा. भोकातून आरपार पडला तो पाच सुताच्या आत, अडकला तो पाचच्या वर. माझ्याकडे या, चहाच्या बदल्यात मारून देतो.

मानेवाडावाली

@सुतारपक्षी, आहाहा! आणि मी दोन दिवस यूट्यूबवर शोधून राहिले. पण ४५ किलो एकेक करून भोकातून पाडू का हो? श्रावण संपेल.

इतवारीकर

ताई, आमचा किराण्याचा ठोक धंदा आहे, मखाणेही ठेवतो. तुमच्या माणसानं फसवलं असं मी लगेच म्हणणार नाही. ठोकात "५ सूत" म्हटलं की सगळा माल पाचच्या वर, असं कोणीच देत नाही. बहुतेक दाणा पाचच्या वर, त्यात थोडा चारचा मिसळ. आता हे "थोडा" किती, भांडण सगळं तिथंच आहे. दहा टक्के, वीस टक्के, हे तोंडी ठरतं आणि तोंडीच विसरलं जातं. पुढच्या खेपेला बिलावर लिहून घ्या, पाच सुताच्या चाळणीवर किती टक्के राहिलं पाहिजे ते. लिहायला जो काचकूच करतो त्याचा माल घेऊ नका.

दुसरं, वरून नमुना कधीच घेऊ नये. गहू-तुरीच्या पोत्याला परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी) मारून बघतात, मखाण्याला परखी मारली तर चुरा होतो. म्हणून पोतं सरळ उलटं करायचं. खालची शिवण उसवा आणि तिथून दोन ओंजळी काढा. वाटेत हलून हलून बारीक माल खालीच बसतो, त्यामुळे बुडाशी थोडं बारीक निघणारच, त्यात लबाडी नसते. लबाडी कळते ती मधल्या थरात. म्हणून वरचं, मधलं, खालचं, तिन्ही सारखं घेऊन एकत्र करा आणि मगच बोला.

काकू_महालातल्या

मी एक विचारू का, मखाणे उपासाला कधीपासून चालायला लागले? आमच्या लहानपणी साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, दाणे. बास. मखाणे फक्त शेजारच्या उत्तर हिंदुस्थानी काकूंकडे बघितलेले, नवरात्रात तुपात परतून.

तर्रीबाज

काकू, साबुदाणा तरी कुठे आपला? तामिळनाडूतल्या कंदाचा. उपासाला बाहेरचे पाहुणे आपण फार प्रेमानं घेतो.

सदाशिवपेठी

मखाणे म्हणजे कमळाच्या बिया. त्यामुळे उपासाला चालतातच. आणि पुण्यात हे पाकिटबंद, वर्गवारी छापलेले मिळतात, पोत्यात हात घालावा लागत नाही.

झिरो_माईल

पाकिटबंद घेऊनही कमळाचं बी म्हणून खाऊन राहिले ना भाऊ तुम्ही, मग पाकिटाचा काय उपयोग?

दरभंग्याची_लेक

@सदाशिवपेठी, नाही हो. कमळाच्या बिया म्हणजे कमलगट्टा. मखाणा वेगळ्या वनस्पतीचा, पाणलिलीच्या कुळातला. पान ताटापेक्षा मोठं, तळ्यावर पसरलेलं, आणि वरून-खालून नुसते काटे. कमळाच्या पानावर हात फिरवाल, याच्यावर फिरवून बघा.

माझा जन्म लहेरियासरायचा, म्हणजे बिहारातल्या मिथिला भागातल्या दरभंग्याचा. वाढले नागपुरात जरीपटक्यात, म्हणून मराठी इथली आणि मखाणा तिथला. सुट्ट्यांत बागमती एक्सप्रेसनं आजोळी जायचो. तिथं जे बघितलं ते सांगते, म्हणजे मानेवाडावालीताईंना पोत्यात काय शोधायचं ते आपोआप कळेल.

बी पिकलं की फळ फुटतं आणि बी तळ्याच्या तळाशी गाळात जातं. मल्लाह लोक पाण्यात बुड्या मारून ते गोळा करतात. त्याला तिकडे गुरी म्हणतात, काळं, गोटीसारखं कडक. धुऊन वाळवायचं आणि चाळण्यांनी आकारानुसार वेगळं करायचं. इथं आळस केला की पुढं सगळं बिघडतं, कारण लहान-मोठी गुरी एकाच कढईत भाजली तर लहान करपते आणि मोठी कच्ची राहते. मग भाजणं. भाजून लगेच फोडत नाहीत, दोन-तीन दिवस तशीच ठेवतात, म्हणजे आतला गर कवचापासून सुटतो. मग परत भाजायची, आणि गरम असतानाच पाच-सात बिया लाकडी पाटावर घेऊन थापीनं एक फटका. कवच फुटतं आणि आतला गर फुलून बाहेर. तिकडे त्याला लावा म्हणतात. आपल्या लाह्यांचाच सख्खा भाऊ!

माझी मावशी फोडायला बसायची तेव्हा तिच्या तळहाताला भाजल्याचं कळायचंच नाही, इतका कडक झाला होता. फटका क्षणभर उशिरा पडला तर बी निवतं आणि गर नीट फुलत नाही. तो अर्धवट फुललेला, कडक, तांबूस दाणा म्हणजे थुर्री. १०० किलो गुरीतून साधारण ३५ ते ४० किलो लावा निघतो. त्यातला मोठा, गोल, पांढरा तो रसगुल्ला, त्याखालचा मुर्रा, आणि शेवटी थुर्री.

ताई, तुमच्या पोत्यात चण्याएवढे जे निघाले ते लहान मखाणे आहेत की थुर्री, ते आधी बघा. बोटात दाबा. लहान मखाणा कुरकुरून चुरतो, थुर्री दाताखाली खडा लागते. लहान मखाणा चालेल, थुर्री नको.

काकू_महालातल्या

हे वाचून मखाण्याकडे बघायची नजर बदलली. मावशींना माझा नमस्कार सांगा.

सदाशिवपेठी

कमलगट्ट्याबद्दल चूक मान्य. पाकिटाबद्दल नाही.

लसावि

आकडेमोड केली. थोडं कंटाळवाणं आहे, तयारी ठेवा.

पहिली गोष्ट, चाळणी. तारेची चौकोनी जाळी घेऊ नका. जाळीचा चौकोन १६ मिलिमीटरचा असला तरी त्याचा कर्ण साडेबावीसचा होतो. मखाणा काही चेंडूसारखा गोल नसतो, आडवा-तिडवा होऊन मोठा दाणाही कोपऱ्यातून निसटतो. त्यामुळे चांगला माल "कमी" दिसेल आणि व्यापाऱ्याशी उगाच भांडण होईल. पत्र्याला गोल भोकं पाडलेली चाळणी घ्या.

दुसरी, वजन. ताई, तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा असेलच. तो काठोकाठ भरा, न ठोकता, न दाबता, वरून पट्टी फिरवा आणि मखाण्याचं वजन करा. दाणा चांगला फुललेला तर डबा हलका. कमी फुललेला, थुर्री जास्त किंवा ओल जास्त, तर डबा जड. बाकी सगळ्या धान्यात जड तो चांगला, इथं उलटं.

इतवारीकर

@लसावि, डब्याचं खरं आहे, आम्हीही पोतं उचलूनच अंदाज घेतो. त्याच मापाच्या पोत्यात एकात साडेआठ किलो बसतात, एकात साडेदहा. नवा माणूस जड पोतं बघून खूश होतो आणि जुना चमकतो. ट्रकवाला तर मखाण्याला शिव्याच देतो, गाडी भरून जाते आणि वजन काहीच नाही.

लसावि

बरोबर. पण माझीच एक चूक दुरुस्त करतो. मिश्र आकाराचा माल असेल तर मोठ्या दाण्यांच्या फटीत लहान दाणे बसतात आणि डबा तसाही जड होतो. म्हणजे डबा जड आला तर दोष फुलण्याचा की मिसळीचा, ते कळणार नाही. म्हणून आधी चाळा आणि एका आकाराचाच माल डब्यात भरून तुलना करा.

तर्रीबाज

एवढं गणित दहावीत शिकवलं असतं तर मीही मखाणेच विकले असते.

नवेगावबांध

आमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात मामा तलाव पायलीला पन्नास. माजी मालगुजारी तलाव म्हणून मामा, हे नागपूरकरांना सांगायला नको. आमचे धीवर लोक त्यात शिंगाडा पिढ्यान्‌पिढ्या घेतात. शिंगाड्यातही हीच तऱ्हा, मोठा दिसतो तो आतून पिठूळ असतोच असं नाही. छत्तीसगडात धमतरी, रायपूरकडे मखाणा लावतात, मग आमच्याकडे का नाही, हे मी तिथं जाऊन बघितलं. पीक येईल, पण फोडणार कोण? तो फटका शिकायला पिढी लागते. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेनं फोडायचं यंत्र काढलंय, पण ते घ्यायला गट पाहिजे आणि गट म्हटलं की आमच्या गावात अध्यक्ष कोण यावरच बैठक संपते.

झिरो_माईल

अवांतर होतंय, पण विषय निघालाच आहे म्हणून. पाकिटांवर "मिथिला मखाना" छापलेलं असतं. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दरभंग्याला २००२ मध्ये मखाण्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. २०२५ च्या अर्थसंकल्पात मखाणा बोर्ड जाहीर झालं आणि त्याच सप्टेंबरात पूर्णियात उद्‌घाटनही झालं. मग ताईंनी सरळ मानांकनवाला माल घ्यावा, प्रश्न मिटला.

दरभंग्याची_लेक

नाही मिटत. मानांकन सांगतं माल कुठला, माल कसा ते नाही. मिथिलेच्या तळ्यातूनच थुर्रीही निघते ना. आपली नागपुरी संत्रीही मानांकनवाली, म्हणून कळमन्याच्या बाजारात डोळे मिटून पेटी उचलता का?

झिरो_माईल

हाव, हे पटलं.

इतवारीकर

संत्र्याचं बरं काढलं. कळमन्यात संत्रं घेताना मोठं बघून जो घेतो तो फसतो, कारण मोठं संत्रं कधी कधी फोपशं निघतं. साल सैल आणि आत फोडी वाळलेल्या. मखाण्याचं अगदी तसं नसलं तरी जवळपास आहे. सहा सुताचा भाव चढतो तो दिसण्यासाठी. लग्नाच्या डब्यात, भेटवस्तूत, काचेच्या बरणीत तो शोभतो. मसाला लावून पाकिटात घालायचं असेल तर मी माझ्या गिऱ्हाईकाला चार-पाच सूत देतो. मसाला नीट बसतो, वाहतुकीत तुटत नाही आणि खाणारा मुठीनं खातो. ताई, तुम्ही पाच सूत कोणासाठी घेतले? पाकिटावर खिडकी आहे का?

मानेवाडावाली

@इतवारीकर, खिडकी नाही. पूर्ण बंद पाकीट आहे. भाऊ, हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता. मला वाटलं मोठं ते चांगलं.

दरभंग्याची_लेक

मी थोडी असहमत. लहान आकाराचा माल स्वस्त मिळतो, पण त्यात थुर्रीही जास्त शिरते, कारण चाळणीला दोन्ही सारखेच. मोठ्या चाळणीवर थुर्री सहसा राहत नाही, ती फुललेलीच नसते तर मोठी कशी होणार? म्हणून पाच सूत घेणारा नकळत थुर्रीपासून वाचण्याचेही पैसे देत असतो. चार सूत घ्यायचा तर हातानं निवडलेला घ्या, नाहीतर घरी निवडायची मजुरी धरा.

इतवारीकर

वहिनी, हे मात्र शंभर टक्के. मी गिऱ्हाईकाला हे सांगत नव्हतो, आता सांगावं लागेल.

कुरकुरीत

माझं जुनं फरसाणचं दुकान होतं, म्हणून ओलीबद्दल बोलतो. बाकी सगळे आकारावर अडकलेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा मखाणे उघडे ठेवले तरी कडकडीत राहतात. जुलैत पहिला पाऊस लागला की दोन दिवसांत मऊ. मऊ मखाणा म्हणजे पाणी पिलेला मखाणा, आणि ते पाणी तुम्ही मखाण्याच्या भावानं विकत घेता. हिशेब करा. ४५ किलोत चार टक्के जास्तीची ओल धरली तर १ किलो ८०० ग्रॅम. समजा भाव किलोला १००० रुपये, तर १८०० रुपयांचं पाणी.

ओल बघायची साधी रीत सांगतो. १०० ग्रॅम मखाणे अगदी मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात गार करा, मग तोला. परत थोडं परता, परत गार करा, परत तोला. वजन उतरायचं थांबलं की जेवढे ग्रॅम गेले तेवढे टक्के ओल. उघड्यावर गार केलंत तर तो परत हवेतून पाणी ओढेल आणि तुमचा हिशेब चुकेल. माझा असाच एकदा चुकला होता, व्यापाऱ्याकडे जाऊन भांडलो आणि तोंड घेऊन परत आलो.

आणि एक बघा. पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी आहे का? नुसत्या पोत्यात पावसाळ्यात आलेला माल मी फुकट दिला तरी घेणार नाही.

मानेवाडावाली

दोन पोत्यांत आतली पिशवी आहे, तिनात नाही. आता बघितलं. 😐

काकू_महालातल्या

अगं पण जुलैत मखाणे नवे असतात का? मिथिलेचा हंगाम कधी?

दरभंग्याची_लेक

काकू, बरोबर पकडलंत. नवी गुरी निघते ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे आत्ता बाजारात आहे तो मागच्या हंगामाचा, आठ-दहा महिने गोदामात बसलेला. जुना म्हणजे वाईट असं नाही, कोरडा आणि बंद राहिला असेल तर उत्तम. पण नाकाजवळ मूठ धरा. कुबट वास, पिवळटपणा, दाण्यांना जोडणारी कोळ्यासारखी जाळी किंवा बारीक भोकं दिसली तर तो घरात पण आणू नका, शेजारच्या पिठालाही लागते ती कीड.

तर्रीबाज

आणि पांढराशुभ्र असेल तर? टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या दातांसारखा?

दरभंग्याची_लेक

नुसत्या पांढऱ्यावर भुलू नका. कवचाचे तांबूस-काळे ठिपके थोडे राहणारच, फोडल्यावर बांबूच्या टोपल्यांत घासून ते काढतात. ठिपके खूप असतील तर घासायला आळस केला. पण दाणा फोडून बघा. आतून सगळीकडे सारखा पांढरा, जाळीदार आणि मध्ये गाठ नाही, हे बाहेरच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. मी वीस दाणे दातानं फोडते. गाठवाले दोनच्या वर निघाले तर पोतं परत.

सदाशिवपेठी

वीस दाणे फोडून खाल्ल्यावर व्यापारी म्हणत नाही का, की झालं की तुमचं, आता निघा?

इतवारीकर

नागपुरात म्हणत नाहीत. पाणी विचारतात.

लसावि

पुणे-नागपूर इथंच थांबवू या, नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील आणि ताईंचा श्रावण जाईल.

मानेवाडावाली

(चार दिवसांनी) मंडळी, काम केलं. सविस्तर लिहिते.

लोहाओळीत एका पत्रेवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं गोल भोकांची चाळणी पाहिजे, पाच सुताची. त्यानं विचारलं, "शेंगदाण्याची का?" म्हटलं मखाण्याची. तो हसला आणि म्हणाला, सुताचं माप सांगणारं बाईमाणूस पहिल्यांदा आलं. सुतारपक्षींच्या प्लायच्या गेजला लावून भोकं तपासली, दोन भोकं ओबडधोबड होती ती त्यानं परत नीट केली. चाळताना एक कळलं, जोरात हलवलं की कडा झडून चुरा होतो. हळूहळू, सूप पाखडल्यासारखं करावं लागतं.

पाचही पोत्यांतून वरचं, मधलं, खालचं घेऊन अर्धा अर्धा किलोचा नमुना केला. तीन पोत्यांत पाच सुताच्या वर ७१, ७४ आणि ७३ टक्के. उरलेल्या दोनांत ४८ आणि ४१. म्हणजे तीन पोती एका मालाची आणि दोन कुठली तरी दुसरीच. डबा भरून बघितला, फक्त पाचच्या वरचा माल. चांगल्या पोत्याचा १ किलो ४० ग्रॅम, वाईटाचा १ किलो २१० ग्रॅम. त्याच डब्यात! जाऊबाईंना वाटलं वजनकाटा बिघडला, म्हणून तीनदा तोलला.

ओल मात्र उलटी निघाली. वाईट पोती आतल्या पिशवीवाली, त्यांत ५ टक्के. चांगल्या आकाराच्या पोत्यांत पिशवी नव्हती, त्यांत ९ टक्के. म्हणजे आकार चांगला होता त्यानं पाणी पिलं होतं आणि जो कोरडा होता तो बारीक होता. हसावं की रडावं.

कुरकुरीत

नऊ! सांगितलं होतं. पण घाबरू नका. भाजताना ओल जाईलच, तुमचा माल खराब झालेला नाही, वजन गेलंय. कुबट वास नाही ना?

मानेवाडावाली

नाही, वास स्वच्छ. थुर्री दोन वाईट पोत्यांत भरपूर. वीस दाणे दातानं फोडले, सात गाठवाले. दाताची ट्रीटमेंट कोण देणार, @दरभंग्याची_लेक?

मध्यस्थाला फोन केला. आधी आवाज चढला त्याचा. मग मी आकडे वाचले. चाळणी गोल भोकांची, माप पाच सूत, नमुना तीन थरांतून. तो मिनिटभर गप्प. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आधी काय करत होत्या?" म्हटलं चकल्या. शेवटी असं ठरलं की ४१ टक्केवालं पोतं तो परत नेणार, ४८ वालं चार सुताच्या भावात लावणार. ओलीचं मात्र त्यानं काही मानलं नाही. म्हणतो पाऊस माझा नाही. ते सोडून दिलं मी.

इतवारीकर

चांगला सौदा केला ताई. ओलीचं कोणीच मानत नाही, मीही मानत नाही, खोटं कशाला बोलू. पण आतली पिशवी पाहिजेच, हे बिलावर लिहून मागा.

लसावि

डब्यात १७० ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण १६ टक्के. एकाच आकाराच्या मालात. आता निर्धास्त म्हणू शकतो की फुलणंच कमी होतं. आनंद झाला. माफ करा, तुमचं नुकसान झालं आणि मला आनंद झाला.

काकू_महालातल्या

थुर्री वेगळी काढलीस ना? टाकू नकोस. कढईत तुपावर परत, मिक्सरमधून रवाळ काढ आणि दुधात खीर कर. मखाण्याच्या पिठाची खीर शिंगाड्याच्या खिरीसारखीच दाट होते. वेलची जास्त घालू नकोस.

मानेवाडावाली

काकू, दीड किलो थुर्री निघाली आहे. एवढी खीर कोण खाणार?

तर्रीबाज

पत्ता टाका.

नवीन_सभासद_७१

नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. मखाणे म्हणजे कमळाचं बी ना? डायबेटिसला चालतं का?

सदाशिवपेठी

याला मी उत्तर देतो, मला अनुभव आहे. कमळाचं नाही. वर दरभंग्याची_लेक यांचा प्रतिसाद वाचा, मीही तिथूनच शिकलो. आणि डायबेटिसचं डॉक्टरांना विचारा.

मानेवाडावाली

शेवटचं एक. पत्रेवाला म्हणाला एका वेळी चार-पाच चाळण्या केल्या तर स्वस्तात देतो. चार सुताची आणि पाच सुताची, दोन्ही. कोणाला पाहिजे असेल तर मंगळवारच्या आत सांगा, मी जाणारच आहे.

कुरकुरीत

एक पाच सुताची माझी. दुकान बंद झालं, पण चाळणी पाहिजे.